यूनुसचाचाचं म्हणणं

अमेरिकेतल्या एका लायब्ररीसाठी मी जुनी पत्रं वाचते. पावणेदोनशे वर्षांपूर्वी शाईने लिहिलेल्या पत्रांचे स्कॅन लॅपटॉपवर येतात, मी ते टाइप करून परत पाठवते. आधी मी इथे आखातातच, ऊद मेथा भागातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे कसलंही गिचमिड अक्षर मला लागतं. पण या लोकांचं अक्षर म्हणजे परीक्षाच. टपाल महाग, म्हणून कागद आडवा भरला की तोच फिरवून त्यावर उभं लिहायचे. पहिल्या आठवड्यात माझे डोळे सुजले होते.

अब्बा तेव्हा आमच्याकडे नुकते राहायला आले होते. अम्मी गेल्यावर गावच्या घरात ते एकटेच पडले. इद्रीसने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांचा व्हिसा काढला आणि अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमधली बाल्कनीलगतची खोली त्यांना दिली. इद्रीस हमरिया फ्री झोन या औद्योगिक वसाहतीत एका पेंट कंपनीत सुपरवायझर आहे. तो सकाळी गेला की घरात मी आणि अब्बा दोघंच. अब्बांचा दिवस जाता जात नसे. एकदा ते माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काय म्हणतोय तुझा अमेरिकन?"

मी त्यांना सांगत गेले, आणि त्यांना त्याची गोडीच लागली.

अमेरिकनाचं नाव होतं ॲमॉस व्हिटलॉक. ओहायो राज्याच्या विधानसभेत तो आमदार होता. त्याचा धाकटा भाऊ सायलस नदीपलीकडे केंटकीला राहायचा. सासऱ्याची तंबाखूची शेती सायलसकडे आली होती, आणि शेतीबरोबर गुलामही. सुरुवातीच्या पत्रांत राजकारण आणि घर एकमेकांत कालवलेलं असे. कुणाला किती मतं पडली, कुठला पुढारी फितूर झाला, आणि लगेच पुढच्या ओळीत: आईचा खोकला कमी आहे, सफरचंदाला यंदा कीड लागली, तुझ्या मुलाला माझ्याकडून मुका. अब्बांना हे अगदी पटायचं. "असंच असतं," ते म्हणायचे. "पंचायतीत होतो तेव्हा मीही यूनुसला मुंबईला अशीच पत्रं लिहायचो. अर्धं पत्र निवडणूक, अर्धं आंबा."

यूनुसचाचांचं, म्हणजे अब्बांच्या भावाचं, नाव त्यांच्या तोंडून मी कितीतरी वर्षांनी ऐकत होते.

त्या दोघांचं भांडण आमच्या गावच्या खाडीवरून झालं. खाडीच्या तोंडाशी एका कंपनीला जेट्टी आणि तेलाच्या टाक्या बांधायच्या होत्या. अब्बा म्हणाले, येऊ दे, पोरांना कामं मिळतील. यूनुसचाचा तेव्हा मुंबईहून कायमचे गावी आले होते. ते म्हणाले, खाडी मेली तर गाव मेलं. पंचायतीच्या निवडणुकीत दोघं समोरासमोरच्या पॅनलमधून उभे राहिले. चाचा जिंकले आणि जेट्टी बारगळली. प्रचाराच्या सभेत चाचांनी लोकांसमोर विचारलं होतं, "माझ्या भावाला कंपनीने काय कबूल केलंय?" अब्बांना कुणी काहीच कबूल केलं नव्हतं. त्यानंतर ईदलाही दोघं मशिदीच्या वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडायचे.

व्हिटलॉक भावांचंही तसंच झालं. पळून आलेल्या गुलामांना पकडून परत द्यायचा कायदा आला. ॲमॉसने विधानसभेत त्याविरुद्ध भाषण केलं आणि ते वर्तमानपत्रात छापून आलं. सायलसने लिहिलं, 'तू भर सभेत मला चोर म्हणालास.' ॲमॉसने उत्तर दिलं, 'चोराला दुसरं काय म्हणावं, ते मला आपल्या आईने शिकवलं नाही.' त्यानंतर भावाभावांचं एकही पत्र नाही. त्यांच्या बायका मात्र लिहीत राहिल्या.

"बरोबर केलं त्याने," अब्बा म्हणाले. "तत्त्व म्हणजे तत्त्व. भाऊ झाला म्हणून काय झालं?"

ते ॲमॉसच्या जागी स्वतःला पाहतायत, हे मला दिसत होतं. त्याच सकाळी मी सायलसच्या बायकोचं, लुसिंडाचं, एक पत्र टाइप केलं होतं. पीच कसे मुरवले याची लांबलचक हकिगत, आणि मधेच एक ओळ: डायनाला या वसंतात विकावं लागलं, नवी स्वयंपाकीण तेवढी हुशार नाही. पुढच्या ओळीत पुन्हा पीच. लायब्ररीच्या त्या सगळ्या पत्रांत डायनाचा उल्लेख तेवढाच. तिचं स्वतःचं पत्र असणं शक्यच नव्हतं; गुलामांना लिहायला कोण शिकवणार? ती ओळ टाइप करून मी उठले होते आणि उगीचच भांडी घासत बसले होते.

मी ती ओळ अब्बांना सांगितली.

"मग तर ॲमॉस बरोबरच होता," ते म्हणाले.

"होताच. पण अब्बा, आपल्या गावात कुणी माणूस विकला नव्हता. जेट्टी होती ती."

अब्बा चहा अर्धा ठेवून आत गेले.

डिसेंबरमध्ये रेहानचा फोन आला. रेहान यूनुसचाचांचा मुलगा, शारजाला नोकरी करतो. चाचांना घशाचा कॅन्सर झाला होता. त्याने त्यांना आणि खैरुन्निसाचाचीला इकडे आणलं होतं. ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढावं लागलं. "आता बोलता येत नाही त्यांना," रेहान म्हणाला. "गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतात. बदरूचाचांना सांगशील ना?"

त्याचे बदरूचाचा म्हणजे माझे अब्बा; मी त्यांना सांगितलं. अब्बा म्हणाले, "अल्लाह शिफा देवो," आणि बातम्यांचा आवाज वाढवला.

आमच्या घरापासून रेहानचं घर, रस्ता मोकळा असेल तर, अर्ध्या तासावर. इद्रीस दर शुक्रवारी विचारायचा, "अब्बा, जायचं का?" अब्बांचा कधी गुडघा दुखत असे, कधी ट्रॅफिक असे. मी आणि इद्रीस दोनदा जाऊन आलो. परत आल्यावर अब्बांनी एवढंच विचारलं, "जेवतो का?" मी म्हटलं, "नळीने." ते मान हलवत राहिले.

पण पत्रांचं विचारणं त्यांनी सोडलं नाही. म्हणून एका सकाळी आलेलं पत्रही मी वाचायला घेतलं. सायलस तापाने गेला होता. लुसिंडाने दिराला चार ओळींत कळवलं होतं: शेवटी शुद्ध नव्हती, पण त्याआधी तो लहानपणच्या ओढ्याबद्दल बोलायचा, तुम्हाला कळवावंसं वाटलं. त्यावर ॲमॉसचं उत्तर होतं. मी मराठीत सांगत गेले.

"'प्रिय लुसिंडा, सायलसच्या जाण्याचं दुःख मला आहेच. परंतु...'"

त्या परंतुच्या पुढे सहा पानं होती. ॲमॉसने आपली बाजू मुळापासून मांडली होती. कायदा काय होता, आपण सभेत नेमकं काय बोललो, सायलसने ते कसं विपरीत घेतलं, गुलामगिरी हे पाप का आहे. बायबलमधली वचनं होती, न्यायाधीशांची मतं होती. त्यात एक वाक्य खोटं नव्हतं. मी वाचत होते आणि माझंच तोंड कडू होत होतं.

तिसऱ्या पानावर अब्बांनी हात वर केला. "खलास. पुरे."

"अजून आहे, अब्बा."

"विधवेला कोण असं लिहितं?" ते म्हणाले. "माणूस गेला. आता जिंकून कुणाला दाखवतोय?"

दुपारी त्यांनी स्वतःच इस्त्री मांडली आणि पांढरा शर्ट काढला. मी विचारलं, "कुठे?" म्हणाले, "इद्रीसला फोन कर. परस्पर शारजाला ये म्हणावं. आपण टॅक्सीने जाऊ."

दार चाचीने उघडलं. अब्बांना बघून तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि बाजूला झाली. चाचा खिडकीपाशी खुर्चीत होते. गळ्याभोवती पांढरं फडकं, मांडीवर वही. अंगात काही उरलं नव्हतं. अब्बा मधेच थांबले. पुढे जावं की नाही, कळेना त्यांना. चाचांनी पेन उचललं, काहीतरी लिहिलं आणि वही त्यांच्याकडे धरली.

'भाई, तू किती वाळलास.'

अब्बा खाली बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. मी आणि चाची स्वयंपाकघरात गेलो.

आम्ही चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा इद्रीस आणि रेहान कामावरून आले होते, आणि भांडण सुरू झालं होतं. खरंच. चाचांनी लिहिलं होतं, 'खाडीत अजून कालवं मिळतात. टाक्या आल्या असत्या तर?' आणि अब्बा सांगत होते, "आणि पोरं? हा माझा जावई बघ, हमरियात दुसऱ्याच्या कंपनीत तोच रसायनांचा वास घेतो. गावात घेतला असता तर रात्री घरी जेवला असता." चाचांचं पेन भराभर चालत होतं. अब्बा बोलतच होते. चाचांनी पेन कागदावर आपटलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'थांब. मी एक ओळ लिहितो तोवर तू भाषण करतोस.'

अब्बांनी हात पुढे केला. म्हणाले, "रेहान, मलाही एक पेन दे."

तेव्हापासून दोघंही लिहायला लागले. दर शुक्रवारी नमाजनंतर इद्रीस अब्बांना सोडायचा आणि संध्याकाळी आणायचा. दोघं शेजारी बसून एकाच वहीत आळीपाळीने लिहायचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत गिरवलेल्या गोल मराठीत. चाची म्हणायची, "खोलीत नुसती पेनांची खरखर. मधेच एकजण पान टराटरा फाडतो. मग दुसरा हसतो. तुझ्या चाचाचं हसणं आता नुसता वारा, पण हसतो." प्रचारसभेतल्या त्या वाक्याचं काय झालं, मी एकदा अब्बांना विचारलं. "लिहिलं त्याने," ते म्हणाले. "चुकलं म्हणून लिहिलं. आणि खाली परत लिहिलं की जेट्टीबद्दल तो चुकलेला नाही." ते सांगताना अब्बांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण समाधानही नव्हतं.

एप्रिलमध्ये चाचांच्या फुप्फुसात पाणी झालं. शेवटच्या शुक्रवारी त्यांना पेन धरवेना. अब्बा नुसते त्यांचा हात हातात घेऊन बसले. मंगळवारी चाचा गेले. शारजाच्या कब्रस्तानात दुपारी दफन केलं. उन्हात माती इतकी कोरडी होती की मुठीत राहत नव्हती. अब्बांनी तीन मुठी टाकल्या आणि इद्रीसच्या खांद्यावर हात ठेवून तिथेच उभे राहिले.

चाळीस दिवस झाल्यावर चाचीने त्या वह्या पिशवीत घालून माझ्यापुढे ठेवल्या. "तू अशीच कागदं लावतेस ना? घेऊन जा. मला वाचवत नाही." मी अब्बांकडे पाहिलं. ते म्हणाले, "रेहानला नीट करून दे. त्याच्या बापाचं अक्षर आहे ते. पण त्याआधी मला एक काम आहे."

पावसाआधी अब्बा गावी गेले. जेट्टीचा विषय पुन्हा निघाला होता, कंपनी दुसरी. ग्रामसभा होती. दुसऱ्या दिवशी त्यांचा व्हिडिओ कॉल आला.

"बोललात का सभेत?" मी विचारलं.

"बोललो. जेट्टी हवीच, असंच बोललो. माझं मत बदललेलं नाही."

मला वाईट वाटलं, आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"ऐक तरी," ते म्हणाले. "आधी यूनुसचं वाचलं. वहीतलं सगळं, एक अक्षर न गाळता. तिवरांचं, कालवांचं, टाक्या फुटल्या तर काय होईल ते. म्हटलं, हे माझ्या भावाचं म्हणणं आहे आणि ते मांडायला आज तो नाही, म्हणून मी उभा आहे. मग माझं बोललो."

"लोक काय म्हणाले?"

"ठराव पुढच्या सभेवर गेला." त्यांच्या मागे कुणीतरी नारळ सोलत होतं, त्याचा आवाज येत होता. "त्याचं त्याने फार चांगलं लिहिलं होतं गं. वाचताना मलाच पटायला लागलं. चाचीला सांग, कुणी मधे उठून गेलं नाही."