चेंडू झेलायची चाचणी

दुसरीच्या मुलांची लंगडी, उडी आणि चेंडू झेलण्याची चाचणी चालली होती. खेळाच्या बाईंनी चिमणीकडे चेंडू हळूच टाकला, तशी ती दोन्ही हातांनी डोकं झाकून खालीच बसली. तीनदा तसंच झालं. शाळा सुटल्यावर बाईंनी तिला न्यायला आलेल्या बापाला विचारलं, "हिला घरी कोणी मारतं का?"

बापाचं डोकंच फिरलं. "चेंडू झेलता येत नाही, वर माझ्या चुगल्या करतेस?" असं म्हणत त्याने पोरीच्या कानाखाली अशी वाजवली, की ती भिंतीवर आदळली आणि तिचा ओठ फाटला. बाई मध्ये पडल्या, तर त्याने त्यांच्याही तोंडावर ठोसे हाणले. बाईंच्या हाताला खेळाच्या सामानातली बॅट लागली. ती त्यांनी जीव खाऊन त्याच्या गुडघ्यावर घातली. हाड कडकन मोडलं आणि तो गुरासारखा ओरडत कोसळला.

पोलीस आले तेव्हा बाईंचा एक डोळा सुजून मिटला होता.

"आधी हात कुणी उचलला?" हवालदाराने विचारलं.

"बाबांनी," चिमणी रक्त पुसत म्हणाली. "रोजच उचलतात."

त्याच संध्याकाळी चिमणीची मावशी तिला आपल्या घरी घेऊन गेली.