पाठीवरचं नाव

मी एक कॅसेट बोलतेय. गाण्याची नव्हे हो, खेळाची! हातात मावणाऱ्या त्या करड्या यंत्राच्या पाठीत मला खोचलं, की इवल्याशा पडद्यावर एक होडी दिसायची आणि सात बेटांची सफर सुरू व्हायची. आज मी जपानमधल्या ओगाकी गावातल्या कुरिमोतोंच्या दुकानात, काचेच्या कपाटात, अगदी नव्यासारखी उभी आहे. पण मला जो धक्का बसलाय, त्यातून मी अजून सावरलेले नाही.

कारखान्यातून माझ्यासारख्या हजारो बहिणी एकाच दिवशी बाहेर पडल्या. सगळ्यांचा तोंडवळा एकच. मी वेगळी झाले ती मिसावांच्या घरी. तिथल्या आठ वर्षांच्या शिनोबुने, नव्या वर्षाला मोठ्यांनी पाकिटांतून दिलेले पैसे जमवून मला आणलं. तिने मला खोक्यातून काढलं मात्र, आईने मला उचललं, जाड मार्कर पेन घेतलं आणि माझ्या पाठीवर ठसठशीत लिहिलं, 'दुसरी ब, मिसावा शिनोबु'.

"आई! नवीकोरी होती गं ती!"

"मग? उद्या मैत्रिणीकडे जाईल आणि तिथलीच होऊन बसेल. मग भोकाड पसरून माझ्याकडेच येशील ना?"

या बाईंना नाव घालायचा भारी सोस. शिनोबु पहिलीत गेली, तेव्हा तिच्या गणिताच्या पेटीतल्या शंभरच्या शंभर काड्यांवर त्यांनी नाव घातलं होतं. एकेक रेघ दाबून काढायच्या. माझ्या पाठीवर जागा पुरली नाही, तेव्हा शेवटचं अक्षर कडेला कसंबसं कोंबलं. मला तेव्हा रागच आला होता. चांगल्या अंगावर हे काय गोंदण, असं वाटलं होतं.

शिनोबु खेळायला बसली की आई ओरडायची. "डोळे फुटतील! ठेव ते डबडं!" आणि मी तुम्हाला एक गंमत सांगू का? शिनोबु शाळेत गेली, कपडे वाळत घालून झाले, की तीच आई दहा ते अकरा मला घेऊन बसायची. तीन खेळाडूंची प्रगती मला साठवता यायची. पहिल्या जागी शिनोबु होती, दुसरी रिकामी आणि तिसऱ्या जागी आई. पोर पाचव्या बेटावर अडकली होती. आई सहाव्यावर पोचली! पोटातल्या बटणाएवढ्या बॅटरीच्या जोरावर मी हे सारं लक्षात ठेवलं. आईने जन्मात कुणाला सांगितलं नाही. मीही कशी सांगणार?

शिनोबु मोठी झाली, नागोयाला नोकरीला गेली. मी खणात पडून राहिले. वीस वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत, पण खण घरचा होता, मला वाईट वाटलं नाही. मग या शरद ऋतूत आई गेली. काही आठवड्यांनी हातमोजे घातलेली चार माणसं आली आणि एका दिवसात त्यांनी घर धुऊनपुसून रिकामं केलं. खण खोक्यात उपडा झाला, खोकं गाडीत गेलं, आणि मी कुरिमोतोंच्या टेबलावर आले.

कुरिमोतो माणूस वाईट नाही. जुन्या कॅसेटींवर त्यांचा जीव. त्यांनी मला हातात घेतलं, उलटं केलं आणि कपाळावर हात मारला.

"अरेरे! हिचा तर फळा करून टाकलाय. अशीला सहाशे येनच्या वर कोण देणार?"

त्यांची बायको फुसाए गल्ल्यावर बसून संत्रं सोलत होती. "घासा आता. स्वतःच्या चष्म्याची काच वर्षात एकदा पुसत नाही हा माणूस, आणि कॅसेटी बघा कशा न्हाऊमाखू घालतो!"

कुरिमोतोंनी पांढऱ्या स्पंजचा एक तुकडा कापला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि घासायला घेतलं. आधी 'दुसरी ब' गेलं. मग मिसावा. मग शिनोबु. कडेला कोंबलेलं ते शेवटचं अक्षर तेवढं हटेना, तर काडीच्या टोकाने खरवडून काढलं. मग मला उघडून त्यांनी बॅटरी काढली आणि नवी बसवली. पहिल्या जागेवरची शिनोबु गेली, तिसऱ्या जागेवरची आई गेली. आणि कुरिमोतोंनी माझ्यावर चिठ्ठी लावली, तीन हजार आठशे येन! माझी किंमत वाढली हो! माझं सगळं गेलं आणि किंमत सहा पटींनी वाढली! हे कसलं मोल म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी, दुकान उघडल्या उघडल्या एक बाई आत आली. चाळिशीची, अंगात चांगला लोकरी कोट. आवाज ऐकला आणि मी ओळखलं. शिनोबु!

"सात बेटांची कॅसेट आहे का तुमच्याकडे? सामान नेणाऱ्यांनी तुमचं नाव सांगितलं. भावाने मला न विचारता आईचं घर रिकामं केलं हो. मी आले तर नुसत्या चटया."

कुरिमोतोंनी मला पुढे केलं. तिने माझं तोंडही पाहिलं नाही, आधी पाठ पाहिली. मग हळूच मला खाली ठेवलं. "नाही. ही नव्हे."

एवढं राबून चकचकीत केलेल्या मालाला नाही म्हटलेलं कुरिमोतोंना लागलं. "अहो बाई, नीट बघा तरी! अशी दुसरी शोधून सापडायची नाही. काल आली तेव्हा काय अवतार होता हिचा! दुसरी ब, मिसावा शिनोबु. नाव कसलं, अख्खी पाटी! अर्धा तास घासत होतो."

फुसाएने बाईचा चेहरा पाहिला. हातातलं संत्रं तसंच राहिलं. "अहो, गप्प बसा."

"गप्प का? ओरखडा तरी दिसतोय का कुठे?"

"मिसावा शिनोबु मीच," ती म्हणाली. "ते माझ्या आईचं अक्षर होतं. ती पत्रं लिहायची नाही, फोन करायची. तिच्या हातचं एवढंच उरलं होतं."

कुरिमोतोंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कमरेत वाकून मान खाली घातली ती वर करवेना. "घेऊन जा बाई. पैसे नकोत. मला माफ करा."

"कशाने पुसलंत?"

त्यांनी कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. ती त्या चांगल्या कोटासकट गुडघ्यांवर बसली आणि संत्र्याच्या सालींखालून तिने तो स्पंजचा तुकडा काढला. काळाकुट्ट झालेला. तिने तो रुमालात गुंडाळला. उठल्यावर माझ्या पाठीवरून एकदा अंगठा फिरवला आणि मला कुरिमोतोंकडे सरकवलं.

"ही राहू द्या. हिच्यावर आता आमचं काही नाही."

ती गेली. कचऱ्यातला स्पंज तिच्या घरी गेला आणि मी इथेच राहिले. मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, अगं शिनोबु, तुझी आई सहाव्या बेटापर्यंत पोचली होती गं! पण आता मला यंत्रात घातलं, तर तिन्ही जागा रिकाम्या दिसतात. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?

तुमच्याकडे माझी एखादी बहीण असेल आणि तिच्या पाठीवर कुणाचं नाव असेल, तर हात जोडून सांगते, पुसायच्या आधी निदान एकदा मोठ्याने वाचा. त्या नावाचं माणूस कुठेतरी असतं.

काल एक शौकीन गिऱ्हाईक आलं होतं. त्याने मला उजेडात धरून उलटसुलट पाहिलं आणि खूश होऊन म्हणाला, "वा! हिला आजवर कुणाचा हातच लागलेला दिसत नाही."