पातळ हात

मॅडम दुपारी येणार होत्या, आणि जेवणवेळ टळून गेली तरी आमच्या सोफ्यावर ठेवलेला हात उचलताना चिकटत होता.

मूल दत्तक देण्याआधी संस्थेच्या मॅडम घर बघायला येतात आणि सगळं त्यांच्या मतावर ठरतं. कितीतरी वर्षं वाट बघून आम्ही इथवर पोचलो होतो. घर लख्ख दिसायला हवं, हा ध्यास माझाच. चामड्याचा सोफा माझ्या मामाकडून आलेला, हात टेकायच्या जागी बारीक भेगा पडलेल्या. मी फर्निचरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, ‘‘धूळ पुसून घ्या, मग चामड्याच्या क्रीमचा अगदी पातळ हात द्या आणि कोरड्या फडक्यानं चोळून काढा.’’ हे जसंच्या तसं, सुट्टी काढून घरी थांबलेल्या नवऱ्याला सांगून मी सकाळी कामावर गेले. तिथंच घोळ झाला.

माझा नवरा बेकरीत असतो. बनपावांना भट्टीत घालायच्या आधी तो ब्रशनं दुधाचा हात देतो. त्याच्या लेखी पातळ म्हणजे ओघळेल असं. त्यानं क्रीममध्ये कोमट पाणी आणि वर चमचाभर तेल घालून झकास फेटलं, आणि ब्रशनं सोफ्याला अक्षरशः आंघोळ घातली. जेवणवेळेला मी घरी येऊन बघते तर सोफा नुसता चिकचिकीत.

‘‘अरे, पातळ हात म्हणजे थर पातळ!’’

‘‘तू पातळ म्हणालीस, मी पातळ केलं.’’

‘‘सोफा आहे तो, बन नाही! आता भट्टीत घालतोस का?’’

तो खरंच केस वाळवायचा ड्रायर घेऊन आला. मी तो हिसकावून घेतला. गरम हवेनं चामडं कडक होतं, भेगा वाढतात. खिडक्या उघडल्या, पंखा लावला, घरातले सगळे टॉवेल काढले आणि दोघं गुडघ्यांवर बसून पुसायला लागलो. मी पुसत होते आणि बोलत होते. माझं तोंड एकदा सुटलं की आवरत नाही. ज्यांना साधा सोफा सांभाळता येत नाही त्यांच्या हाती कोण पोर देईल?

‘‘मॅडमसमोर तेवढा आवाज चढवू नकोस,’’ तो हळूच म्हणाला.

‘‘मला अक्कल शिकवू नकोस!’’

तेवढ्यात बेल वाजली. मॅडम ठरल्या वेळेआधीच आल्या होत्या. मी घाईघाईनं सोफ्यावर चादर टाकली, टॉवेलांचा ढीग न्हाणीघरात लोटला आणि दार उघडलं. मॅडमच्या अंगावर फिकट, जवळजवळ पांढरे कपडे. आत आल्या, इकडंतिकडं बघितलं आणि सरळ सोफ्याकडं वळल्या. चादरीवर तेलाचे डाग उमटायला लागले होते. मॅडम टेकणार एवढ्यात माझ्या तोंडून निघालं, ‘‘बसू नका!’’

शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं असेल. मॅडम अर्धवट वाकलेल्या तशाच थांबल्या, मग सावकाश सरळ झाल्या.

‘‘मुलावरही अशाच ओरडाल?’’

माझे कान तापले. खोटं सुचेना, आणि सुचलं असतं तरी जमलं नसतं. ‘‘ओरडेन बहुतेक,’’ मी म्हणाले. ‘‘तोंडानं फटकळ आहे मी.’’

संपलं, असं वाटलं. डोळे भरून आले, म्हणून मी चादरीचं टोक ओढत राहिले. नवरा खाली मान घालून उभा होता. त्यानं तेलकट हात विजारीला पुसले.

‘‘मॅडम, सोफा मी बिघडवला,’’ तो म्हणाला. ‘‘ही तेव्हापासून माझ्यावर ओरडतेय. आणि तेव्हापासून माझ्या शेजारी बसून पुसतेय.’’

मॅडमनी आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्या गुडघ्यांवरच्या तेलाच्या डागांकडं. मग त्यांनी खांद्यावरची पिशवी सावरली.

‘‘चला,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तिची खोली दाखवा.’’

आजवर संस्थेतले सगळे ‘मूल’ म्हणायचे, ‘ते’ म्हणायचे. नवऱ्यानं माझा हात घट्ट धरला. ‘‘तिची?’’ त्यानं विचारलं.