टक, धप, टक

मी एक जुनं टेबल आहे, मित्रांनो, कापड बेतायचं. सुताराने मला ऐसपैस घडवलं आणि शिंपीणआजीने निम्म्या गल्लीचे झगे माझ्यावर बेतले. लोक झग्यांचं कौतुक करत, आजी माझं. पुढे तिची नजर अधू झाली आणि माझ्या पाठीवर औषधं, रद्दी, मोडकी छत्री असा संसार थाटला गेला.

आजीचा लेक दूरदेशी. त्याची मुलगी फक्त स्पॅनिश बोलायची. फोनवर आजी "काय गं बाळा?" म्हणे आणि नात आपली मुकी. शेवटी आजीने एक दिवस रद्दी खाली ओतली आणि शेजारच्या स्पॅनिश शिकवणाऱ्या बाईंना माझ्यापाशी आणून बसवलं.

बाईंची रीत न्यारी. क्रियापद आधी तोडायचं, मग माझ्यावर वाजवायचं. हलक्या तुकड्याला बोट, जोराच्या तुकड्याला तळहात. 'एस्-पे-रो', म्हणजे मी वाट बघते. टक, धप, टक. आजी तिन्ही ठिकाणी तळहातच हाणायची.

"मावशी, गोधडी बडवताय का? एकालाच धपका. बाकीच्यांना नुसतं गोंजारा."

"मला मेलीला सगळीच सारखी हो," आजी म्हणाली. पण शिकली.

मग फोन आला. लेकाने तो नातीच्या हाती दिला. शिकलेला शब्द आजीला आठवेना. हात मात्र माझ्यावर पडला. टक, धप, टक.

पलीकडूनही तसंच वाजलं. तिकडचं टेबल असणार. जातभाईचा आवाज मला कळतो.

"एस्पेरो," आजी कशीबशी म्हणाली.

"बेन्द्रे," नात म्हणाली.

हा शब्द आजीला नवा. संध्याकाळी ती बाईंपुढे 'बेन्द्-रे' असा तोडून बसली.

"द आणि र सख्खी भावंडं, त्यांच्यात कात्री घालू नका. बेन्-द्रे. जोर शेवटी." बाईंनी वाजवलं. टक, धप. "मावशी, ती म्हणाली, मी येईन."

आजी बराच वेळ माझ्यावरची जुनी कात्रीची रेघ चाचपत राहिली.

"कधी, ते क्रियापदात नसतं का हो?"

"नाही हो, मावशी."

आता माझा एक पाय डुगडुगतो. आजी त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारते आणि म्हणते, "ती येईपर्यंत टिक बाबा." तेव्हा मित्रांनो, या घरी आलात तर माझ्यावर ओला पेला ठेवू नका, आणि टेकून उभे राहू नका. मला टिकायचं आहे.