सदतीस अंशांना पक्का

मित्रांनो, मी जुना आहे, पण सदतीस अंशांना पक्का आहे. मी एक इन्क्युबेटर. अंडी उबवणारा नव्हे हो! माझ्या पोटात छोट्या बशांमध्ये चेतापेशी वाढतात. कारखान्यातून आलो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. आता दाराला गंज चढलाय, आणि कडी दोनदा ओढल्याशिवाय लागत नाही. पण एकोणीस वर्षांत माझी ऊब कधी ढळली नाही, हे मी छाती फुगवून सांगतो.

चेतापेशी भारी नाजूक. पोषक द्रवात त्या रुजल्या, की एकमेकींकडे धागे टाकतात. पण मध्यंतरी नव्या संशोधक ताईंच्या सगळ्या पेशी दोन दिवसांत मेल्या. चार महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. ताई रडवेल्या झाल्या.

"ही पेटीच म्हातारी झालीय. आतून तापत असणार," त्या म्हणाल्या.

माझ्या दारावरचा आकडा सदतीसच होता, तर तोही खोटा ठरला! दारावर 'भंगार' अशी चिठ्ठी चिकटली. मित्रांनो, ते माझ्या फार जिव्हारी लागलं.

मला न्यायला हातगाडी आली. तेवढ्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी एक बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

"अगं, पेशी तापल्या असत्या तर फुगून फुटल्या असत्या. या तर आकसून, नीट तुकडे होऊन गेल्यात. म्हणजे मरायचा हुकूम आतूनच सुटलाय. पोषण तुटलं की एरवी गप्प असणारी जनुकं जागी होतात, आणि पेशी स्वतःलाच आवरून घेते. तू द्रव कसा बदललास?"

"सगळा काढला आणि नवा घातला. अगदी स्वच्छ!"

"हात्तिच्या! निम्माच बदलायचा असतो गं. पेशी एकमेकींसाठी जे पोषण सोडतात, ते जुन्या द्रवातच असतं. नेमकं तेच तू ओतून दिलंस."

ताईंनी जीभ चावली. हातगाडी रिकामी परत गेली.

ती चिठ्ठी खरवडून निघेना, म्हणून ताईंनी तिच्यावरच दुसरी लावली: 'द्रव निम्माच बदलणे'. आता त्या माझी कडी न विसरता दोनदा ओढतात. त्यांच्या नव्या बशांचा आज एकविसावा दिवस. धागे पार कडेपर्यंत पोचलेत, आणि ऊब माझी आहे!

मित्रांनो, जुन्या वस्तूवर ठपका ठेवण्याआधी एकदा आत डोकावून बघा. आणि दार हळू लावा. आत कुणीतरी वाढतंय.