ढगपेटीचा जळफळाट

मित्रांनो, पोटात ढग वागवणारी मी एक जुनी काचपेटी आहे. जाड काच आणि पितळी नळ्या जोडून एका कारागिराने मला घडवले. तेव्हापासून मी प्रयोगशाळेत ताईंजवळ आहे. ताई ढगांच्या शास्त्रज्ञ. लहानथोर सगळेच त्यांना ताई म्हणतात.

त्या माझ्यात दमट हवा भरत, मिठाचे अतिसूक्ष्म कण सोडत आणि हवा एकदम गार करत. कणाकणाभोवती पाणी जमून थेंब होई. कण जितके जास्त, तितके थेंब बारीक आणि ढग पांढराशुभ्र. असा ढग ऊन परतवतो. समुद्रावरचे ढग असे उजळले, तर तापलेली पृथ्वी थोडी निवेल का, हे ताईंना शोधायचे होते. "शहाणी गं माझी ती!" म्हणत त्या माझी काच पुसत.

मग संगणक आला. त्यात ताईंनी नुसत्या आकडेमोडीचे ढग उभे केले. त्याला म्हणे 'मॉडेल' म्हणतात. माझा ढग हातभर, त्याचे समुद्रभर! ताई दिवसभर त्याच्यासमोर, आणि माझ्या डोक्यावर चहाचे उष्टे कप. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होई. वीज गेली, की मला आनंदाच्या उकळ्या फुटत.

एके दिवशी प्रयोगशाळेचे प्रमुख आले. "मॉडेल म्हणतंय ढग उजळतील. जहाजं तयार आहेत. करू या समुद्रावर खाऱ्या पाण्याची फवारणी."

"सर, चाचणीत फवाऱ्यातून मिठाचे जाडे कणही उडताहेत. मॉडेलमध्ये ते धरलेलेच नाहीत. एकदा पेटीत बघू द्या."

"त्या डबड्यात?"

"हो, तिच्यातच."

ताईंनी बारीक कणांसोबत थोडे जाडे कण सोडले. त्या दांडग्यांनी पाणी आधी ओढून घेतले. मोठे थेंब भराभर तळाशी पडले आणि ढग विरून गेला. 

"जहाजं थांबवतो," प्रमुख हळूच म्हणाले.

मला वाटले, बरी जिरली त्या संगणकाची! पण ताई माझे आकडे घेऊन गेल्या त्या त्याच्याचकडे. ते खाऊन तो शहाणा झाला आणि सभेत टाळ्याही त्यालाच मिळाल्या.

मित्रांनो, नवे जरूर आणा. त्याचे कोडकौतुक करा. मी दातओठ खात बघेन. पण माझ्या दाराचे झिजलेले रबर तेवढे बदला. समुद्र एकच आहे, त्यावर चूक करून बघता येत नाही. माझ्यात येते.