शेवटचा दोरा

नसीमबानूंच्या मते कात्री कापडासाठी असते. दोरा दातानेच तोडायचा. खडकीतल्या निम्म्या नवऱ्यामुलींचे कपडे चाळीस वर्षं त्यांनी असेच शिवले, आणि गेल्या महिन्यात समोरच्या दाताचा टवका उडाला तेव्हा खापर दोऱ्याच्या कंपनीवर फोडलं.

गुरुवारी दातावर कॅप बसली. "आजी, हिरडी दोन-चार दिवस दुखेल, मऊ खा. आणि दाताने दोरा तोडणं आता कायमचं बंद," डॉक्टर अपूर्वाने बजावलं.

"मी काय तान्हं बाळ आहे?" असं म्हणून त्या घरी आल्या आणि मुकाट्याने मऊ भात जेवल्या.

रविवारी नातीचा, सबाचा निकाह होता आणि तिच्या ओढणीची किनार अजून अर्धी राहिली होती. हात आपोआप तोंडाकडे जायचा. शेवटी नसीमबानू तोंडाला मास्क लावून शिवायला बसल्या. दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले त्यांचे यजमान मैनुद्दीन पेपराआडून म्हणाले, "आमच्याकडे गेटवर काडेपेटी काढून घ्यायचे. तुझे दातच काढून घ्यायला हवेत."

"तुमचे गेलेत तेवढे पुरेत," मास्कआडून उत्तर आलं.

शनिवारी दुपारी किनार पुरी झाली. एकच दोरा राहिला आणि तिथे त्या अडल्या. नवरीच्या कपड्याचा शेवटचा दोरा घरातल्या मोठ्या बाईने दाताने तोडायचा, त्याला कात्री लावायची नाही, ही त्यांच्या आईची रीत. तोडावा तर कॅप जायची आणि उद्या सबाशेजारी फोटोत खिंडार दिसायचं. कात्री लावावी तर पोरीच्या संसाराला पहिली कात्री आपल्याच हातची. मास्क खाली ओढून त्यांनी दोरा ओठांपर्यंत नेला.

मग खाली आणला.

"सबा! इकडे ये. हा दोरा तोड."

"मी? दादी, हे तर मोठ्या बाईचं काम ना?"

"हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये तुम्ही दोघंच राहणार. उद्यापासून त्या घरातली मोठी बाई कोण? मी येऊ का तिथे?"

सबा हसली, तिने डोळे पुसले आणि दोरा समोरच्या दातांत धरला.

"बाजूच्या दाताने, वेडे! समोरचे हसायला ठेव."

टक्‌कन दोरा तुटला. नसीमबानूंनी चाळीस वर्षं तो आवाज स्वतःच्या तोंडात ऐकला होता. आज पहिल्यांदाच तो दुसऱ्याच्या तोंडून आला, आणि त्या नव्या दातासकट मनापासून हसल्या.